गाडी खोलण्याआधी वही उघडा : जुनी स्पोर्ट्स कार घरी कशी दुरुस्त करतात आणि त्यातून वर्गात काय शिकवता येतं



आजचा विषय वाचून तुम्हाला वाटेल, मॅडमना झालंय काय! मराठी-गणित सोडून गाड्यांच्या मागे कशा लागल्या? पण थोडं वाचा. हा लेख जितका गाडीचा आहे, तितकाच आपल्या वर्गातल्या मुलांचा आहे.

माझे थोरले काका, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, त्यांच्याकडे एक अ‍ॅम्बॅसिडर होती. गाडी जुनी झाली तेव्हा तात्यांनी ठरवलं, आपणच घरी इंजिन उतरवायचं आणि गाडी पुन्हा नव्यासारखी करायची. त्यांच्या हातात कला होती, त्यात शंकाच नाही. दोन रविवारांत गाडी पूर्ण खोलून झाली. नटबोल्ट तेलाच्या डब्यांत, वायरी गोणपाटात, दारं गोठ्याच्या भिंतीला टेकवलेली. पुढे पेरणी आली, मग घरात लग्न निघालं, मग तात्यांची कंबर दुखायला लागली. तीन वर्षांनी ते पुन्हा गाडीपाशी बसले, तेव्हा कोणता बोल्ट कुठला हे त्यांना आठवेना. अकरा वर्षं ती गाडी अंगणात तशीच उभी होती. शेवटी भंगारवाल्याने ती किलोवर नेली. तो दिवस मला आठवतो. तात्या घराबाहेरच आले नाहीत.

मागच्या वर्षी तात्या गेले. त्यांची खोली आवरताना एका डब्यात त्या गाडीचा कार्ब्युरेटर सापडला. तो मी शाळेत नेला. मुलांनी विचारलं, "मॅडम, जुनी गाडी खरंच घरी नवी करता येते का?" उत्तर शोधताना मी त्या इंजिनाचं कुळ शोधत गेले आणि थेट इंग्लंडमधल्या एका स्पोर्ट्स कारपर्यंत पोहोचले.

अ‍ॅम्बॅसिडरची इंग्लंडमधली भावंडं

अ‍ॅम्बॅसिडर ही मुळात इंग्लंडच्या 'मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज ३' या गाडीवरून घेतलेली. पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात ती १९५८ पासून २०१४ पर्यंत तयार होत होती. तिचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन 'बी-सीरिज' नावाच्या ब्रिटिश इंजिन-घराण्यातलं. याच घराण्यातलं, याच मापाचं इंजिन १९५५ साली आलेल्या 'एमजीए' या दोन आसनी स्पोर्ट्स कारमध्ये होतं. फरक काय? एमजीएला दोन कार्ब्युरेटर दिले होते आणि इंजिनातून जास्त ताकद काढली होती. म्हणजे आपल्याकडे लग्नाची वरात आणि साहेबांचा लाल दिवा वाहणारं इंजिन तिकडे टप नसलेल्या छोट्या गाडीत पळत होतं!

१९६२ मध्ये एमजीएच्या जागी 'एमजीबी' आली. तेच घराणं, पण इंजिन वाढवून १७९८ सीसी केलेलं, सुरुवातीला सुमारे ९५ अश्वशक्तीचं. इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९८० पर्यंत सगळे प्रकार मिळून पाच लाखांहून जास्त एमजीबी बनल्या. गाडी साधी, संख्या मोठी, आणि सुटे भाग आजही मिळतात. म्हणून घराच्या गॅरेजमध्ये हौसेने दुरुस्त होणाऱ्या जुन्या स्पोर्ट्स कारचं उदाहरण घ्यायचं, तर एमजीबी सगळ्यात सोयीची. तिच्या मूळ साच्यांवरून तयार केलेला अख्खा नवा सांगाडासुद्धा १९८८ पासून इंग्लंडमध्ये मिळू लागला. पुढचं सगळं उदाहरण मी याच गाडीचं घेते.

आधी तीन शब्द वेगळे करू

मुलांना शिकवतानाही मी आधी शब्द वेगळे करते. इथे तीन आहेत.

१) दुरुस्ती : जे बिघडलं तेवढंच नीट करायचं. पंप बंद पडला, पंप बदलला.

२) पुनर्स्थापना, म्हणजे रिस्टोरेशन : गाडी कारखान्यातून आली तेव्हा जशी होती, तशी परत आणायची. रंग, पत्रा, शिवण, बोल्टसुद्धा त्याच पद्धतीचे.

३) बदल, म्हणजे मॉडिफिकेशन : कारखान्याने दिलं नव्हतं ते बसवायचं. जास्त ताकद, वेगळा गिअरबॉक्स, नवे दिवे.

घरी काम करणारा माणूस बहुतेक वेळा तिन्ही एकदम करायला जातो आणि तिथेच फसतो. आज आपण यातलं नेमकं काय करतोय, हे रोज स्वतःला विचारायचं. तात्यांनी दुरुस्तीला हात घातला आणि न ठरवताच रिस्टोरेशनमध्ये शिरले. तुमच्या-माझ्या शाळेतही असं होतं, नाही का? वाचनाचा तास सुरू करतो आणि शुद्धलेखन, व्याकरण, हस्ताक्षर सगळं त्यातच सुधारायला लागतो. शेवटी वाचन राहून जातं.

पहिली पायरी : पाना हातात घेण्याआधी वही

खोलायला कोणालाही येतं. चार वर्षांचं पोरही खेळणं खोलतं. जोडताना मात्र खोलण्याचा क्रम उलटा करावा लागतो आणि हा क्रम कुठेतरी लिहिलेला असावा लागतो. अनुभवी माणसं काय करतात, बघा :

• भाग काढण्याआधी त्याचा फोटो घेतात. एक लांबून, एक जवळून.

• प्रत्येक जोडाचे नटबोल्ट वेगळ्या पिशवीत ठेवतात आणि पिशवीवर लिहितात : "पुढचं डावं चाक, वरचा हात, ४ बोल्ट, २ लांब २ आखूड."

• वायर सोडण्याआधी दोन्ही टोकांना एकाच क्रमांकाची चिठ्ठी लावतात.

• खराब झालेला जुना भागही नवीन बसेपर्यंत टाकत नाहीत. नमुना म्हणून तोच कामी येतो.

• एका वेळी गाडीचा एकच विभाग खोलतात. ब्रेक संपले की मग इंजिन.

शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. घरी सुरू केलेल्या गाडीचा उत्साह ओसरतो, पैसे कमी पडतात, घरात आजारपण येतं. हे होणारच, असं धरूनच काम आखायचं. सहा महिने हात लागला नाही, तरी सातव्या महिन्यात वही उघडून काम पुढे सुरू करता आलं पाहिजे. तात्यांकडे पाने होते, ताकद होती, ज्ञानही होतं. वही नव्हती.

वाचल्याशिवाय जोडायचं नाही, याचं एक छान उदाहरण. १९६७ पर्यंतच्या एमजीबीमध्ये बॅटरीचं धन टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेलं असायचं. आजच्या गाड्यांत ऋण टोक जोडतात. हे न बघता कोणी नेहमीच्या सवयीने नवा रेडिओ लावला, तर तो जळून जातो. याच गाडीत आसनांच्या मागे ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असत. ६ आणि ६ मिळून १२. वर्गात घड्याळाचे दोन सेल आणि एक छोटा बल्ब घेऊन हे पाच मिनिटांत दाखवता येतं.

दुसरी पायरी : गंज आणि गाडीचा कणा

जुनी एमजीबी घ्यायची, तर लोक आधी इंजिन ऐकत नाहीत. दारांखालची पट्टी वाकून बघतात. का?

ट्रकला खाली वेगळी चासी असते, तिच्यावर वरचा भाग ठेवलेला असतो. एमजीबीला तशी वेगळी चासी नाही. पत्र्याची पेटी हाच तिचा सांगाडा. त्यात एमजीबी रोडस्टरला पक्कं छत नाही. त्यामुळे पुढचा आणि मागचा भाग एकत्र धरून ठेवण्याचं मोठं काम दारांखालच्या पोकळ पत्र्याच्या तुळया करतात. इंग्रजीत त्यांना 'सिल' म्हणतात. या पोकळीत पाणी आणि माती साचते आणि त्या आतून गंजत जातात. वरून रंग चकचकीत असतो, आत पत्र्याची चाळण झालेली असते.

आता घरच्या गॅरेजमधली नेहमीची चूक ऐका. उत्साहाच्या भरात दोन्ही बाजूंच्या गंजक्या तुळया एकदम कापून काढल्या, तर गाडी मधून खचते. डोळ्यांना ते दिसतही नाही. नवे पत्रे वेल्डिंग करून झाले, रंग झाला, दारं बसवायला घेतली, आणि दार लागतच नाही! वरच्या बाजूची फट मिटलेली असते. सगळं काम पुन्हा कापावं लागतं.

म्हणून जाणकार काय करतात? दाराच्या चौकटीत आडवी लोखंडी पट्टी तात्पुरती वेल्डिंग करून चौकट पक्की धरतात. एका वेळी एकच बाजू कापतात. पक्कं वेल्डिंग करण्याआधी दार लावून चारही बाजूंची फट मोजतात, आणि ते माप वहीत लिहितात. गंजावर नुसती पुट्टी भरून रंग मारणं म्हणजे दुखणं झाकणं. ती गाडी विकत घेणाऱ्याची फसवणूकच, आणि अपघात झाला तर जिवाशी खेळ.

वर्गासाठी कृती : चपलांच्या पुठ्ठ्याचा खोका घ्या. झाकण लावून दोन्ही हातांनी पिळा. आता झाकण काढून पिळा. दुसऱ्या वेळी खोका सहज वाकतो. मग खोक्याच्या आत दोन्ही लांब कडांना जाड पुठ्ठ्याच्या पोकळ घड्या चिकटवा आणि पुन्हा वाकवून बघा. छत नसलेल्या गाडीला तुळया का लागतात, हे मुलांना न सांगता कळतं.

तिसरी पायरी : इंजिन, म्हणजे गणिताचा तास

वरचे वर्ग असणाऱ्या शिक्षकांसाठी इथे वृत्तचितीचं घनफळ तयार आहे. एमजीबीच्या इंजिनात चार सिलिंडर. प्रत्येकाचा व्यास ८०.२६ मिमी, पिस्टनची वरखाली चाल ८८.९ मिमी. त्रिज्या ४.०१३ सेमी धरा.

३.१४ × ४.०१३ × ४.०१३ × ८.८९ = सुमारे ४४९.५ घन सेमी. गुणिले ४, म्हणजे सुमारे १७९८.

हेच ते '१७९८ सीसी'! 'सीसी' म्हणजे घन सेंटिमीटर, हे समीकरण सुटल्यावर मुलांना जे वाटतं, ते त्यांच्या चेहऱ्यावरच बघायला हवं.

पुढचं गणित बदलाचं. वापरून सिलिंडरच्या भिंती झिजतात. मग लेथवाला त्या आतून थोड्या तासून रुंद करतो आणि ओव्हरसाईज पिस्टन घालतात. आपल्याकडे त्याला 'बोअरिंग' म्हणतात. व्यास सुमारे १ मिमीने वाढवून ८१.२८ केला, तर घनफळ किती? मुलांकडून काढून घ्या. उत्तर १८४४च्या आसपास येतं. एक मिलिमीटरने ४६ सीसी वाढले. इथे दुरुस्ती आणि बदल यांच्यातली रेघ किती बारीक आहे, तेही दिसतं.

बोअरिंग घरी होत नाही, हेही सांगायला हवं. आपल्या हाताची मर्यादा ओळखून ते काम चांगल्या लेथवाल्याकडे द्यायचं. घरी करण्यासारखं खूप आहे : साफसफाई, गॅस्केट बदलणं, व्हॉल्व्हची फट बसवणं. ही फट १ मिमीच्या निम्म्याहूनही कमी असते आणि ती फिलर गेजच्या पातळ पात्यांनी मोजतात. सिलिंडर हेडचे नट मधून सुरू करून बाहेरच्या दिशेने, थोडे थोडे, ठरलेल्या क्रमानेच आवळायचे असतात. एका कोपऱ्यातून एकदम आवळले, तर हेड समान बसत नाही.

एक खेळही आहे. या इंजिनात ठिणगी पडण्याचा क्रम १-३-४-२ असा असतो. चार मुलांना रांगेत उभं करा. चार कामं : हवा-पेट्रोल आत घेणं, दाबणं, स्फोट, धूर बाहेर टाकणं. पहिल्याचा स्फोट चालू असताना तिसरा दाबतोय, चौथा आत घेतोय आणि दुसरा धूर टाकतोय. आत घेताना आणि स्फोटाला खाली बसायचं, दाबताना आणि धूर टाकताना उभं राहायचं. टाळी वाजली की प्रत्येकाने आपलं पुढचं काम करायचं. पहिला आणि चौथा नेहमी एकत्र बसतात, दुसरा आणि तिसरा एकत्र. आमच्या सहावीच्या वर्गात या खेळाने इतका गोंधळ झाला, की शेजारच्या वर्गातले सर बघायला आले आणि स्वतःच तिसरा सिलिंडर झाले.

चौथी पायरी : बदल करावा का? आधी थांबता येतं का ते बघा

तरुण मुलांना 'मॉडिफाय' या शब्दाची भुरळ असते. जास्त ताकद, मोठा आवाज. पालकांनी हा भाग मुलांसोबत वाचावा, अशी विनंती.

गाडीचा वेग दुप्पट झाला की तिच्यातली गतिज ऊर्जा चौपट होते. ताशी ४० वरून ८०. ही चौपट ऊर्जा शेवटी ब्रेकनेच उष्णतेत बदलायची असते. ब्रेक, टायर आणि सस्पेन्शन जुनेच ठेवून फक्त इंजिन वाढवणं म्हणजे उतारावर बैलगाडीला आणखी एक बैल जुंपणं.

एमजीबीच्याच इतिहासात याचा धडा आहे. १९७०च्या सुमारास केन कॉस्टेलो नावाच्या माणसाने एमजीबीमध्ये रोव्हर कंपनीचं ३.५ लिटरचं, आठ सिलिंडरचं इंजिन बसवायला सुरुवात केली. इंजिन आकाराने जवळजवळ दुप्पट, पण ते अ‍ॅल्युमिनियमचं असल्याने मूळच्या ओतीव लोखंडी इंजिनाच्या तुलनेत वजन फारसं वाढत नव्हतं. म्हणून गाडीचा तोल बिघडला नाही. पुढे कंपनीने स्वतःच १९७३ मध्ये 'एमजीबी जीटी व्ही८' काढली, तेव्हा इंजिनाबरोबर पुढच्या ब्रेकच्या चकत्याही जाड केल्या. कारखान्यालासुद्धा एक गोष्ट बदलली की दुसरी बदलावी लागली, हे लक्षात ठेवू या.

मग कोणते बदल शहाणपणाचे? माझ्या मते तीन प्रकारचे.

गाडी जगवणारे बदल : जुन्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं. ते व्हॉल्व्ह बसण्याच्या जागेचं झिजण्यापासून रक्षण करायचं. माणसांच्या आरोग्यासाठी शिसं घातक, म्हणून ते पेट्रोलमधून काढलं, आपल्या देशात २००० सालापासून. मग जुन्या इंजिनांत त्या जागी कठीण धातूच्या कड्या बसवतात. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही, म्हणून पेट्रोलच्या नळ्या नव्या प्रकारच्या घालतात. बाहेरून काहीच दिसत नाही, पण गाडी आजच्या पेट्रोलवर चालू शकते.

माणूस जगवणारे बदल : सीटबेल्ट, चांगले टायर, नवे ब्रेक पाइप, नीट दिसणारे मागचे दिवे.

परत फिरवता येणारे बदल : डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवतात. जुने पॉइंट डबीत ठेवले, तर केव्हाही परत लावता येतात. याउलट मोठं इंजिन घालायला पत्रा कापला, की तो कापलाच.

गंमत म्हणजे काही बदल गाडीला मागेही नेतात. अमेरिकेच्या सुरक्षा नियमांमुळे १९७४ च्या शेवटापासून एमजीबीला काळे रबराचे जाड बंपर लावले आणि गाडी दीड इंचाच्या आसपास उंच केली. त्यामुळे ती वळणावर जास्त झुकू लागली. आज अनेक हौशी मालक तिची उंची पुन्हा कमी करतात आणि जुने चकचकीत क्रोम बंपर लावतात.

प्रत्येक बदलाची नोंद वहीत हवी. काय काढलं, काय घातलं, कोणत्या तारखेला. उद्या ती गाडी दुसऱ्याच्या हातात जाईल. त्या माणसाला कळलं पाहिजे.

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम ५२ याबद्दल आहे. नोंदणी पुस्तकातली माहिती कंपनीच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळी होईल असा बदल करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात स्पष्ट केलं. म्हणून वेगळं इंजिन घालणं किंवा सांगाडा बदलणं हे 'आमच्या गाडीचं आम्ही बघू' इतकं सोपं नाही. काहीही करण्याआधी आरटीओ कार्यालयात विचारा.

५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात सांभाळलेल्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये 'व्हिंटेज' नोंदणीचे वेगळे नियम केले. त्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरं येतात. चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठे फेरबदल केलेली गाडी त्यात बसत नाही, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालवता येत नाही. इंग्लंडमध्येही ४० वर्षांहून जुन्या गाडीला वार्षिक तपासणीतून सूट मिळते, ती मोठे बदल केलेले नसतील तरच. म्हणजे दोन्ही देशांनी रिस्टोरेशन आणि मॉडिफिकेशन यांत फरक केलेला आहे.

सुरक्षेच्या गोष्टी, न चुकता

• नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जायचं नाही. जमीन सपाट हवी, खाली लोखंडी स्टँड हवेत, चाकांना ठोकळे हवेत. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही.

• वायरिंगला हात लावण्याआधी बॅटरीची वायर सोडायची.

• पेट्रोलची टाकी रिकामी दिसली तरी आतली वाफ पेट घेते. टाकीजवळ वेल्डिंग नको.

• जुन्या ब्रेकच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ती धूळ फुंकायची नाही, हवेने उडवायची नाही. ओल्या फडक्याने पुसायची.

• जुन्या रंगात शिसं असू शकतं. मुलांना सँडपेपर घासायला बसवू नका.

• ब्रेकचं काम पहिल्यांदा करत असाल, तर गाडी रस्त्यावर नेण्याआधी जाणत्या मेकॅनिककडून तपासून घ्या. यात कमीपणा नाही.

तात्यांचा कार्ब्युरेटर आता कुठे आहे?

आमच्या वर्गाच्या कपाटात. रॉकेलने धुऊन, वाळवून, पेट्रोलचा अंशही न ठेवता मी तो मुलांना दिला. अट एकच : वहीत चित्र काढल्याशिवाय एकही स्क्रू सोडायचा नाही. पाच मुलांचा गट. एक जण खोलतो, एक जण चित्र काढतो, एक जण क्रमांक देतो, एक जण भाग मांडून ठेवतो, एक जण वाचून दाखवतो. मग वही दुसऱ्या गटाकडे जाते, आणि त्यांनी फक्त ती वही वाचून तो जोडायचा.

पहिल्यांदा दोन स्क्रू उरले. पहिला गट म्हणाला, "यांना जोडता येत नाही." दुसरा म्हणाला, "यांना लिहिता येत नाही." मी दोघांनाही वही बघायला लावली. सातव्या पायरीला लिहिलं होतं, "मग ते काढा." ते म्हणजे काय? 'हे, ते, तिकडे' असे शब्द लिहून चालत नाही, हे मी भाषेच्या तासाला वर्षभर सांगत होते. त्या दोन उरलेल्या स्क्रूंनी ते एका दिवसात शिकवलं.

त्या गटात एक मुलगा होता, जो एरवी वहीत दोन ओळींच्या वर लिहीत नाही. त्याने त्या दिवशी दीड पान लिहिलं. शुद्धलेखनाच्या चुका होत्या, मी त्या दिवशी काढल्या नाहीत. त्याची वही वाचून दुसऱ्या गटाने कार्ब्युरेटर पूर्ण जोडला, एकही स्क्रू उरला नाही.

तुमच्याकडे कार्ब्युरेटर नसेल, तर सायकलचं पायडल चालेल, बिघडलेलं भिंतीवरचं घड्याळ चालेल, घरातला जुना कुकरचा दांडाही चालेल. पालकांनी रविवारी अर्धा तास काढावा. मूल खोलत असेल तर रागावू नका, फक्त हातात वही आणि पेन्सिल द्या. करून बघा, आणि स्क्रू किती उरले ते मला नक्की कळवा!

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका